‘४६, एक्सएक्स’ म्हणजे बाई नव्हे!

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. रविवारी संध्याकाळी आम्ही वस्तीतील विहाराच्या ओट्यावर शिष्यवृत्तीचे आणि दाखल्यांचे अर्ज भरून देत बसतो, हा आमचा अनेक वर्षांचा नेम. त्या दिवशी गर्दी ओसरली, आम्ही कागद आवरले, दिवेलागण झाली, तरी एक तरुण कोपऱ्यात उभाच होता. वय बत्तीस-तेहेतीस. हातात रुग्णालयाची फाईल. जयभीम झाला आणि तो म्हणाला, “दादा, जरा बाजूला येता का?”

आम्हाला वाटले, औषधपाण्याच्या मदतीसाठी कोणाला तरी पत्र हवे असेल. त्याने फाईल उघडून एक कागद पुढे केला. वर त्याचे नाव, त्याखाली ‘लिंग : पुरुष’, आणि सर्वांत खाली निष्कर्षाच्या चौकटीत फक्त ‘४६, एक्सएक्स’.

“दादा, दहावीच्या पुस्तकात होतं, एक्सएक्स म्हणजे मुलगी आणि एक्सवाय म्हणजे मुलगा. मग मी कोण?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पोट कारकुनीवर. खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हीही मनातून दचकलो. कारण महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही आजवर किती वेळा उभे राहून सांगितले असेल, की बायांनो, मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावू नका. आईकडे एक्सच असतो, वाय देतो तो बाप. फळ्यावर खडूने एक्सएक्स आणि एक्सवाय काढून दाखवायचे, की झाले आमचे विज्ञान. आता समोर दाढीमिशीचा पुरुष उभा आणि त्याच्या कागदावर दोन एक्स!

आज त्याच्याच परवानगीने, ओळख पटेल असा तपशील गाळून, हे लिहीत आहोत. त्याचे म्हणणे असे पडले की, “दादा, मला जो घोर लागला तो दुसऱ्या कोणाला लागू नये.”

लग्नाला आठ वर्षे झालेली, मूल नाही. आठही वर्षे तपासण्या झाल्या त्या बायकोच्या. गर्भनलिकेचा एक्स-रे झाला, दुर्बिणीतून तपासणी झाली, गोळ्या-इंजेक्शने झाली. मध्ये एका बाबाचा अंगारा झाला, एका दर्ग्याची वारी झाली. सोसायटीचे कर्ज निघाले. सासूबाईंनी दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढली, मुलगीही हेरून ठेवली. एवढे होईपर्यंत एकाही दवाखान्यात ‘आधी नवऱ्याचे वीर्य तपासून आणा’ असे कोणी म्हटले नाही, आणि म्हटले असेल तर ते कोणी ऐकले नाही. वाचकहो, ही तपासणी सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त आणि बिनाकापाकापीची. ती पहिली व्हायची, ती आठव्या वर्षी झाली. वीर्यात एकही शुक्रजंतू सापडला नाही. मग रक्त घेऊन गुणसूत्रे तपासली आणि हा कागद हाती आला. तो देणाऱ्या माणसाने घाईत एवढेच सांगितले की, “तुम्हाला मूल होणार नाही, बाकी डॉक्टरांना विचारा.”

आम्ही किरकोळ रजा टाकली आणि त्याच्याबरोबर मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात गेलो. त्याची बायकोही आली. तेथे अनुवंशशास्त्राच्या डॉक्टर बाई भेटल्या. वयाने तरुण, पण धीराच्या. त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे : “तुम्ही पुरुष आहात. कागदामुळे त्यात बदल झालेला नाही.” त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आले, त्याच्या नव्हे.

डॉक्टरांनी आणखी दोन तपासण्या सांगितल्या. पहिलीत एक चकाकणारा रंग वापरून एक ठरावीक जनुक कोणत्या गुणसूत्रावर बसले आहे ते सूक्ष्मदर्शकातून पाहतात. दुसरीत कोठून किती तुकडा कमी झाला आणि किती जास्त आला, ते मोजतात. महिन्याभराने दुसरा अहवाल आला. त्यात लिहिले होते की दोन एक्सपैकी एकाच्या टोकाचा तुकडा नाही, त्या जागी वायचा तुकडा आहे, आणि जोड पडला आहे तो ‘पीआरकेएक्स’ आणि ‘पीआरकेवाय’ या दोन जनुकांच्या जागी. ही दोन नावे आम्ही डायरीत लिहून घेतली आणि पुढचे तीन-चार महिने, समजेल तसे, त्यांच्या मागे लागलो. डॉक्टर बाईंना दोनदा त्रास दिला. जे कळले ते आमच्या भाषेत मांडतो.

आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. त्यांतील एक जोडी लिंगाची. ही गोष्ट १९०५ साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या शास्त्रज्ञ बाईंनी पिठातल्या किड्यांच्या पेशी पाहून दाखवून दिली. नराच्या निम्म्या शुक्रजंतूंत एक लहान गुणसूत्र असते आणि त्यावर नर-मादी ठरते, असा त्यांचा शोध. माणसातही वायनेच पुरुष ठरतो, हे पक्के व्हायला १९५९ साल उजाडले.

आता कारकुनाच्या पद्धतीने सांगतो. एक्स आणि वाय या दोन खतावण्या समजा. रासायनिक अक्षरांत मोजले आणि लाखभर अक्षरांचे एक पान धरले, तर एक्सची खतावणी सुमारे साडेपंधराशे पानांची आणि वायची सुमारे सहाशे पानांची. (वायची खतावणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून पुरी झाली ती २०२३ साली, इतके ते अवघड काम.) दोन्हींची पहिली सत्तावीस पाने अगदी सारखी. अठ्ठाविसाव्या पानावर हे सारखेपण संपते. ते संपल्याबरोबर, अवघ्या पाचेक हजार अक्षरांवर, वायच्या खतावणीत एक लहानसे खाते आहे. त्याचे नाव एसआरवाय. १९९० साली लंडनमधील पीटर गुडफेलो आणि रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या गटांनी ते शोधून काढले. गर्भ सहा-सात आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा-मुलगी असा भेद त्याच्या ग्रंथींत नसतो. दोन्ही वाटा खुल्या असतात. त्या सुमारास एसआरवायने हुकूम सोडला की ग्रंथीचे वृषण होतात, आणि पुढचे पुरुषपण वृषणातून निघणारी संप्रेरके घडवतात. हुकूम सुटला नाही तर वृषण होत नाहीत. १९९१ साली याच शास्त्रज्ञांनी दोन एक्स असलेल्या उंदराच्या गर्भात हे एक जनुक घातले, आणि उंदीर नर जन्मला. म्हणजे पुरुष करते ती वायची सहाशे पाने नव्हेत, अठ्ठाविसाव्या पानावरचे एक खाते!

बापाच्या वृषणात शुक्रजंतू तयार होताना एक्स आणि वाय शेजारी येतात, टोकाकडची सारखी पाने एकमेकांशी जुळवतात आणि त्यांतली काही अदलाबदल करतात. ही देवघेव झाली नाही तर वाटणीच बिघडते, म्हणून ती आवश्यकच आहे. आम्हा सर्वांच्या बापाच्या शरीरात ती झालेली आहे. नियम एवढाच की, देवघेव सारख्या सत्तावीस पानांतच व्हावी.

आणि येथे आपले पीआरकेएक्स येते. एक्सच्या छत्तिसाव्या पानावर, म्हणजे सारखी पाने संपल्यानंतर बरेच पुढे, हे जनुक आहे. जर्मनीतील गुड्रून रॅपोल्ड यांच्या गटाने ते १९९५ साली शोधले. त्याच नमुन्याचे, जवळजवळ शब्दशः सारखे दुसरे खाते वायच्या बहात्तराव्या पानावर आहे, ते पीआरकेवाय. ज्याने खतावणी लिहिली आहे त्याला सांगायला नको, की सारख्या नावाची दोन खाती असली म्हणजे काय होते. एकाच नावाच्या दोन खातेदारांची रक्कम एकमेकांच्या नावे पडल्याचे आम्ही नोकरीत तीनदा निस्तरले आहे. पेशीचेही तसेच होते. जुळवताना छत्तिसावे पान बहात्तराव्यासमोर येते, दोन्ही सारखी दिसतात, आणि कात्री तेथे चालते. मग एक्सची पहिली छत्तीस पाने जाऊन वायची पहिली बहात्तर पाने तिला जोडली जातात. त्या बहात्तरांत अठ्ठाविसावे पान आलेच. एसआरवाय एक्सवर जाऊन बसले!

असा एक्स ज्या शुक्रजंतूत गेला, तो आईच्या बीजांडाला मिळाला की मुलाच्या पेशींत दोन एक्स असतात आणि शरीर मुलाचे होते. आमच्या तरुणाचे झाले ते हेच.

असे दोन एक्सचे पुरुष असतात हे १९६४ साली फिनलंडच्या आल्बर्ट द ला शापेल यांनी जगापुढे मांडले. दोनच वर्षांनी माल्कम फर्ग्युसन-स्मिथ यांनी तर्क केला, की बापाच्या पेशीत एक्स-वायची देवघेव चुकत असावी. त्या वेळी जनुके वाचता येत नव्हती. नुसता तर्क होता, पण बरोबर निघाला. दर वीस हजार मुलग्यांमागे साधारण एक असा असतो. आणि १९९७ साली रॅपोल्ड यांच्याच गटाने दाखवले, की वायचा तुकडा आलेल्या अशा पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांशांत चूक झाली आहे ती नेमकी या जुळ्या खात्यांच्या जागी. पुढल्या वर्षी आणखी एक बारकावा कळला. काही पुरुषांच्या वायवर या भागाचा तुकडा उलटा बसलेला असतो. दोन्ही खाती एकाच दिशेने वाचली जात असतील तर गोंधळाला वाव. उलटसुलट असतील तर नाही. म्हणजे वायची ठेवण कशी, यावरही ते अवलंबून.

आमच्या तरुणाला मूल का होत नाही, हेही या पानांवरूनच उलगडते. त्याच्याकडे वायची पहिली बहात्तर पाने आली. शुक्रजंतू तयार करण्याची खाती आहेत वायच्या लांब बाहूवर, म्हणजे शंभर-दीडशे पानांच्याही पुढे. ती आलीच नाहीत. त्यामुळे वृषण आहेत, पुरुषपण आहे, संसार आहे, फक्त बीज नाही. काही जण म्हणतात, वृषणातून सुईने शुक्रजंतू काढून घेऊ. अशा पुरुषांत तेथे काही सापडत नाही. तेव्हा त्यापायी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत, असे डॉक्टर बाईंनी बजावून सांगितले. हे वाक्य ठळक अक्षरांत छापावे अशी आमची संपादकांना विनंती.

आता त्याने विचारलेला दुसरा प्रश्न. “ते जनुक माझ्यात मोडलं ना? मग त्याचं जे काम होतं ते कोण करणार?” प्रश्न शहाणपणाचा होता. आम्ही तोवर पीआरकेएक्सकडे नुसती कात्री चुकण्याची जागा म्हणूनच पाहत होतो. त्याला स्वतःचे काही काम असेल हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.

ते जनुक एका प्रथिनाचा आराखडा आहे. हे प्रथिन ३५८ दुव्यांचे, आणि जातीने कायनेज. (जात हा शब्द येथे नाइलाजाने आला, वाचकांनी क्षमा करावी.) कायनेज म्हणजे शिक्का मारणारा कारकून. पेशीत एखादे प्रथिन कामाला लागायचे किंवा थांबायचे, तर त्याच्या ठरावीक जागेवर फॉस्फेटचा शिक्का बसावा लागतो. शिक्का बसला की फाईल पुढच्या टेबलावर. शिक्का पुसणारे दुसरे कारकूनही असतात. ही पद्धत अमेरिकेतील एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी उलगडली आणि त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या शरीरात असे शिक्का मारणारे पाचशेहून अधिक प्रकार आहेत. पीआरकेएक्स त्यांपैकी एक. सायक्लिक एएमपी नावाचा एक लहान निरोप्या पेशीत फिरतो. त्याचा निरोप आला की हा कामाला लागतो.

त्याचे सर्वांत चांगले अभ्यासलेले काम आहे मूत्रपिंडाचे. गर्भात मूत्रपिंड कसे होते? आधी नळीचा एक कोंब फुटतो. त्याला दोन फाटे, त्या फाट्यांना आणखी दोन, असे झाडासारखे वाढत जाते, आणि फांद्यांच्या टोकाशी गाळण्या तयार होतात. एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख! सगळ्या जन्माआधीच होतात. नंतर एकही नवी होत नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई येथील शास्त्रज्ञांनी २००२ ते २००५ या काळात दाखवले, की हे प्रथिन नळीच्या पेशींना पुढे सरकायला आणि फाटे फोडायला लावते. गर्भाच्या मूत्रपिंडात ते कामावर असते. मोठ्या माणसाच्या निरोगी मूत्रपिंडात ते जवळजवळ दिसत नाही. एक आजार आहे, पिढ्यान् पिढ्या चालणारा, ज्यात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात. त्या आजारात मात्र ते पुन्हा डोके वर काढते. बांधकाम संपल्यावर परत गेलेला गवंडी भलत्या वेळी येऊन भिंती फोडू लागावा, तसे. रक्तातील काही पांढऱ्या पेशी प्रौढ होण्यासही हे प्रथिन लागते, हे १९९८ साली अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत आढळले. म्हणजे स्त्री-पुरुष ठरवण्याशी या जनुकाच्या स्वतःच्या कामाचा काहीच संबंध नाही. ते मूत्रपिंडाचे, रक्ताचे जनुक आहे. त्याचा जुळा वायवर राहून गेला, एवढ्यानेच ते या भानगडीत ओढले गेले.

आता मोडले त्याचे काय? वायवरचा जुळा आज काम करीत नाही, असे मानतात. तेव्हा सर्व पुरुषांचे भागते ते आईकडून आलेल्या एका एक्सवरच्या पीआरकेएक्सवर. आमच्या तरुणाकडेही आईचा एक्स पूर्ण शाबूत आहे. त्याची सोनोग्राफी झाली, मूत्रपिंडे ठणठणीत. (स्त्रीकडे दोन प्रती असतात. तिच्या पेशींत एक एक्स बराचसा कुलूपबंद असतो, पण हे जनुक त्या कुलपातून सुटणाऱ्यांपैकी आहे.)

हे सगळे ऐकल्यावर तो गप्प झाला आणि मग म्हणाला, “म्हणजे दोष माझ्या बापाचा.” वडील गिरणीत होते, वारून बारा वर्षे झाली. आम्ही म्हटले, अरे, पुरुषाच्या शरीरात रोज कोट्यवधी शुक्रजंतू होतात. त्यातल्या एकात पान चुकले, आणि तोच नेमका पोहोचला. तुझ्या बापाने ना दारूने हे केले ना तंबाखूने. त्यांना ठाऊकही नव्हते. तुझे दोन भाऊ त्याच बापाचे, त्यांना मुले आहेत. ही चूक घराण्यात चालत नाही.

आईला सांगायचे की नाही यावर महिनाभर खल झाला. शेवटी बायकोच म्हणाली, “सांगा. मी आठ वर्षं ऐकून घेतलं.” एका दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मावशींनी सगळे ऐकून घेतले. किती कळले कोण जाणे. मग त्या हळूच म्हणाल्या, “हा पोटात असताना ग्रहण होतं, दादा. मी भाजी चिरली होती. कोणाला बोलले नाही आजवर.” तेहेतीस वर्षे ती बाई मनात ते घेऊन बसली होती! आणि तीच बाई सुनेला बोलत होती. आम्ही त्यांना सांगितले, मावशी, जे झाले ते तुमच्या पोटात झालेच नाही. गर्भ राहण्याच्या आधी, त्याच्या बापाच्या शरीरात झाले. ग्रहण, विळी, मागच्या जन्मीचे पाप, काही काही नाही. त्या सुनेकडे बघत नव्हत्या. पण दुसऱ्या लग्नाचा विषय त्या दिवसापासून घरात निघालेला नाही, असे कळते.

चुकलेल्या देवघेवीची दुसरी बाजूही आहे आणि तिच्याविषयी आमच्या भगिनींनी जरूर वाचावे. एक्सने वायची बहात्तर पाने घेतली, तर वायकडे काय राहिले? एक्सची छत्तीस पाने. त्यात एसआरवाय नाही. असा वाय ज्या गर्भात गेला, तेथे हुकूम सुटत नाही, आणि एक्सवाय असूनही मूल मुलीचे होते. गर्भाशय असते, पण अंडाशय नीट घडलेले नसतात. त्यांच्या जागी नुसत्या पट्ट्या असतात. मुलगी मोठी होते, शाळेत जाते, आणि पाळी येत नाही. अशा मुलींना आपल्या वस्त्यांतून काय भोगावे लागते ते आम्ही लिहायला नको. पाळी न येण्याची कारणे अनेक असतात, बहुतेक साधीही असतात. पण पंधरा वर्षांची झाली तरी पाळी आली नाही, तर मुलीला मांत्रिकाकडे नव्हे, डॉक्टरकडे न्यावे. कारण शरीरात वाय असेल तर या अविकसित ग्रंथींत गाठ होण्याचा धोका असतो. त्या वेळेवर काढाव्या लागतात. मग गोळ्या देऊन पाळी आणता येते, हाडे सांभाळता येतात. दुसऱ्या स्त्रीचे बीजांड घेऊन त्यांच्यातील काही जणींना गर्भही राहू शकतो. ती मुलगीच असते.

कागदावरच्या अक्षरावरून माणूस जोखण्याचा खेळ मोठ्या मैदानांवरही चालतो. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या वीटभट्टी मजुराची मुलगी शांती सौंदराजन हिने ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ स्त्री खेळाडूंपैकी आठ जणींच्या चाचणीत वायचा अंश निघाला होता. चौकशीअंती आठही जणींना खेळू दिले, आणि १९९९ मध्ये सरसकट चाचणीच बंद केली. आता १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने स्त्री गटासाठी तेच एसआरवाय पुन्हा तपासायला घेतले आहे. खेळातला न्याय कसा करावा हा मोठा प्रश्न आहे, आमच्यासारख्याने त्यावर निकाल देऊ नये. पण ज्याने ते जनुक शोधण्यात हातभार लावला त्या शास्त्रज्ञांच्याच हाती १९९१ मध्ये दोन एक्सचा नर उंदीर होता, हे निकाल देणाऱ्यांनी विसरू नये. अक्षर मोजणे सोपे असते. असो.

या तरुणाला डॉक्टरांनी पुरुष संप्रेरकाचे प्रमाण आणि हाडांची घनता तपासायला सांगितले. अशा पुरुषांची उंची भावंडांपेक्षा थोडी कमी असते, काहींची छाती थोडी वाढते, आणि वय वाढेल तसे संप्रेरक उतरू शकते. उतरले तर ते बाहेरून देता येते. त्याचे सध्या थोडे कमी आहे, औषध चालू झाले आहे. बुद्धीवर परिणाम नसतो. कामावरून काढण्याचे, पोलीस-लष्कराच्या भरतीची भीती घालण्याचे कोणाला काही कारण नाही, आणि हा अहवाल कचेरीत दाखवण्याची तर मुळीच गरज नाही. आम्ही त्याला सांगितले की फाईल घरात ठेव, वैद्यकीय बिलाच्या प्रतीला फक्त पावत्या जोड.

मुलाचे काय, हा निर्णय त्या दोघांचा. दात्याचे शुक्रजंतू घेण्याचा मार्ग होता. बायकोने नको म्हटले. दिवाळीनंतर दोघे दत्तक घेण्याची चौकशी करायला आमच्याकडे आले. आपल्याकडे दत्तक म्हटले की भावाचे मूल मांडीवर घेणे एवढेच लोकांना ठाऊक. केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावे लागते, नोंदणीकृत संस्था घरी येऊन पाहणी करते, आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. प्रतीक्षा लांब आहे, हेही आम्ही त्यांना लपवले नाही. लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, पॅन कार्ड, रहिवासी पुरावा, दोघांच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र, अशी कागदांची यादी आम्ही काढून दिली.

भरायला घेण्याआधी माहिती कच्च्या कागदावर लिहून घ्यावी, ही आमची सवय. तो लिहीत होता. नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली, आणि ‘लिंग’ या शब्दापाशी पेन थांबले. त्याने वर पाहिले. आम्ही काही बोलायच्या आत शेजारून बायको म्हणाली, “लिहा की पुरुष. उशीर होतोय, कुकर लावून आलेय मी.”

त्याने लिहिले. पुढचा रकाना वार्षिक उत्पन्नाचा होता. त्याच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मार्चमध्येच संपलेली. तेव्हा सोमवारी पुन्हा अर्धा दिवस रजा, आणि तहसील कचेरी.